गावात २ ऑक्टोबरचा कार्यक्रम घ्यायचाय? मग आजपासून रिकामी पोती गोळा करा

सप्टेंबर लागला की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, भाऊ आमच्या गावात यंदा गांधी जयंतीला काहीतरी चांगलं करायचंय, कसं करू? दरवेळी तासभर फोनवर तेच सांगतो, म्हणून यंदा एकदाच सगळं टाइप करून ठेवतोय. मी वर्धा जिल्ह्यातला. सेवाग्राम गाडीने अर्ध्या तासावर. त्यामुळे प्रार्थना, कताई, ग्रामसफाई हे लहानपणापासून बघत आलोय, आणि गेली काही वर्षं आम्ही आमच्या गावात स्वतः करतोय. पण वर्ध्याचेच असायला पाहिजे असं काही नाही, हे कुठल्याही गावात जमतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल. हात आधी, भाषण शेवटी. नेहमीचा कार्यक्रम तुम्हाला माहितीच आहे, फोटोला हार, नारळ, पाहुण्यांचा सत्कार, तीन भाषणं, चहा-बिस्कीट आणि घरी. आमच्याकडंही तसंच चालायचं. एका वर्षी पाहुणे दोन तास उशिरा आले आणि तोवर शाळेची पोरं उन्हात रांगेत बसून होती, चौथीतल्या एका पोरीला चक्कर आली. तिला सावलीत नेऊन पाणी पाजताना माझ्या मनात आलं की आपण हे नेमकं कुणासाठी करतोय. त्या दिवसापासून आमचा नियम ठरला, सकाळी ७ ला जेवढे असतील तेवढ्यांनी काम सुरू करायचं, कुणाची वाट बघायची नाही. पाहुणा आला तर त्याच्याही हातात घमेलं.

आता वेळेचं बघा. २ ऑक्टोबरला सुट्टी असते ती नोकरीवाल्यांना. आपल्या भागात तेव्हा सोयाबीनची सोंगणी सुरू असते, पाऊस उघडला की एक दिवस सोडवत नाही, आणि मजुरीवाल्या बायांचा दिवस बुडवून त्यांना स्वावलंबनावर भाषण ऐकवणं मला तरी पटत नाही. म्हणून आम्ही दिवसाचे दोन तुकडे करतो, सकाळी ७ ते ९ श्रमदान, मग सगळे आपापल्या कामाला मोकळे, आणि संध्याकाळी ६ ला परत जमायचं, प्रार्थना, कताई, बोलणं आणि जेवण. सेवाग्राम आश्रमातही संध्याकाळची प्रार्थना ६ लाच असते, त्यामुळे आम्हाला ती वेळ आपलीशी वाटते. कॅलेंडरही आधी उघडा, २०२४ ला याच तारखेला सर्वपित्री अमावस्या आली होती आणि २०२५ ला चक्क दसरा. अशा वर्षी हट्ट करू नका, पाच-सहा दिवस मागंपुढं करा. गांधीजींचा वाढदिवस तिथीनुसार भाद्रपद वद्य द्वादशीला येतो, खादीवाली माणसं त्याला चरखा द्वादशी म्हणतात, त्या दिवशीही घेता येतो. आणि वाढदिवस साजरा करायचाच असेल तर माझा नको, चरख्याचा करा असंच तर त्यांचं म्हणणं होतं.

तीन आठवडे आधी मीटिंग लावा. ही मीटिंग सरपंचाच्या किंवा कुठल्या पुढाऱ्याच्या घरी लावू नका, कारण मग दुसऱ्या पार्टीचा माणूस पाय ठेवत नाही आणि तिथंच अर्धं गाव गळतं. शाळेच्या व्हरांड्यात लावा, नाहीतर सरळ ज्या वस्तीत आपण एरवी जात नाही तिथं लावा. बचत गटाच्या ताई, भजनी मंडळ, तुकडोजी महाराजांचं गुरुदेव सेवा मंडळ, आशाताई, शाळेचे सर, पोलीस पाटील, क्रिकेट खेळणारी पोरं, सगळ्यांना स्वतः जाऊन सांगा, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला म्हणजे बोलावलं असं होत नाही.

बौद्ध वस्तीत जाल तेव्हा ऐकायची तयारी ठेवून जा. गांधीजींबद्दल तिथं नाराजी असते, पुणे कराराचा (१९३२ ला गांधीजींच्या उपोषणामुळे आंबेडकरांना स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले त्याचा) विषय निघतो, आणि ती नाराजी खरी आहे. वाद घालून ती जात नसते. आम्हाला पहिल्या वर्षी तिथल्या एका काकांनी स्पष्ट सांगितलं, फोटोला हार घालायला आम्ही येणार नाही, नाल्यावर कामाला येऊ. आम्ही म्हटलं या, त्यासाठीच बोलावतोय. ते सकाळी पावणेसातला सगळ्यात आधी नाल्यावर हजर होते. आणि मग १४ ऑक्टोबरला धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी त्यांच्या विहाराची रंगरंगोटी होती, तिथं आम्ही गेलो. हे असं दोन्हीकडून जाणं-येणं सुरू झालं पाहिजे, नाहीतर अहिंसा नुसती बॅनरवर राहते.

मीटिंगमध्ये हात वर करून मतदान घेऊ नका. वेळ लागला तरी चालेल पण सगळ्यांना पटेपर्यंत बोला. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव तुम्हाला माहीत असेल, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार ही घोषणा त्यांचीच. तिथं ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात, बहुमताने नाही. २००९ ला सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांमध्ये ते आहे, आणि त्यामागं वर्षानुवर्षं एकत्र बसून बोलण्याची सवय आहे. आपल्याला एका दिवसाचा कार्यक्रम ठरवायचाय, पण सवय तीच लावायची. मतदान झालं की हरलेले लोक कामाला येत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

आता मुख्य काम, श्रमदानाचं. ग्रामसफाई चांगलीच आहे, गाडगेबाबांनी खराटा हातात घेऊन गावंच्या गावं झाडली ती आपल्याच विदर्भातल्या माणसानं, पण झाडलेला रस्ता चार दिवसांत परत होता तसा होतो आणि लोक म्हणतात काय उपयोग झाला. म्हणून सफाईसोबत एक असं काम घ्या जे चार महिने डोळ्यासमोर राहील. माझं मत विचाराल तर वनराई बंधारा, म्हणजे भरलेली पोती रचून नाल्यावर घातलेला तात्पुरता बांध. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाऊस परतीला लागलेला असतो आणि नाल्याला अजून धार असते, तीच अडवायची. खर्च जवळजवळ शून्य. पोती, माती आणि माणसं, संपलं.

पोती म्हणजे युरियाची, सिमेंटची, ढेपीची रिकामी प्लास्टिकची पोती. ही सप्टेंबरपासूनच गोळा करायला लागतात, शाळेतल्या पोरांना सांगा, प्रत्येकाने घरून दोन आणायची, दोन आठवड्यांत ढीग होतो. आमचा नाला १५ फूट रुंद आहे, कंबरेपेक्षा थोडा कमी उंचीचा बांध घातला तर पावणेदोनशेच्या आसपास पोती लागतात. जागा अशी बघा की नाला अरुंद आहे, दोन्ही काठ उंच आणि पक्के आहेत, आणि वरच्या बाजूला पात्र सपाट आहे म्हणजे पाणी लांबपर्यंत थांबेल. तिथल्या दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांना आधी विचारा, पाणी कुणाच्या उभ्या पिकात शिरणार नाही ना हे बघा. ग्रामपंचायतीला सांगा आणि कृषी सहायकांना (आता पदाचं नाव सहायक कृषी अधिकारी) एकदा जागा दाखवायला बोलवा, ते येतात, त्यांच्या खात्याचंच हे काम आहे.

भरताना पोतं पाऊणच भरायचं. काठोकाठ भरलं तर ते गोल होतं, एकावर एक बसत नाही, घसरतं. पाऊण भरलेलं पोतं पसरून चपटं बसतं आणि खालच्या पोत्याला धरून राहतं. भरायला वाळू-मुरूम वरच्या बाजूच्या पात्रातलाच घ्या, तेवढीच तिथं खोली वाढते, कुणाच्या शेतातली चांगली माती उकरू नका. तोंड दाभण आणि सुतळीने शिवायचं, हे काम आमच्याकडं म्हाताऱ्या आज्या करतात, एका ओळीत बसून, आणि त्यांचा हात असा चालतो की पोरं भरायला कमी पडतात. तळाचा गाळ आणि सुटी रेती खरवडून कडक मुरूम लागेपर्यंत जायचं, नाहीतर पाणी खालून निघून जातं. दोन्ही काठांत दीड-दोन फूट आत खाच मारून पोती तिथपर्यंत घुसवायची, बंधारे फुटतात ते बहुतेक वेळा बाजूनेच. पोत्याची लांब बाजू पाण्याच्या धारेच्या दिशेत ठेवायची, विटांच्या बांधकामासारखे सांधे मोडायचे, खालचा थर रुंद, वर येत येत निमुळता. दोन थरांच्या मध्ये आणि पाण्याच्या बाजूने चिकणमाती दाबून लिंपायची. मधला भाग काठांपेक्षा वीतभर खाली ठेवा म्हणजे जास्तीचं पाणी मधूनच सांडेल, काठ कापणार नाही, आणि जिथं ते पडतं तिथं मोठे दगड टाका.

माणसांची साखळी लावा, एकेकाने पोतं उचलून पळत जायचं नाही. साखळीत कोण कुणाच्या शेजारी उभं राहतं ते जरा बघून लावा. आमच्या गावात दोन चुलतभाऊ आहेत, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या हद्दीच्या बांधावरून, कितीतरी वर्षांचं भांडण, एकमेकांच्या घरची लग्नंसुद्धा टाळलेली. बंधाऱ्याची जागा दोघांच्या शेताच्या मध्येच आली. त्या सकाळी दोघंही आले, एक साखळीच्या या टोकाला, एक त्या टोकाला. मधली माणसं दमून पाणी प्यायला गेली आणि साखळी आखूड होत होत शेवटी एकाने दिलेलं पोतं दुसऱ्यालाच घ्यावं लागलं. ओलं पोतं होतं, जड, घेणाऱ्याचा पाय घसरला तर देणाऱ्याने दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरलं. कुणी काही बोललं नाही. आम्ही सगळे जवळ उभे होतो, आम्हीही बोललो नाही. केस अजून कोर्टात आहे, पण त्या बंधाऱ्यावरून कुणी कोणत्या दिवशी मोटर लावायची हे त्या दोघांनी आपसात ठरवलं आणि दोघांनीही पाळलं.

अहिंसेचा भाग कार्यक्रमात कसा आणायचा असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो. स्टेजवर दोघांना बोलवून गळाभेट करायला लावू नका, माणसाचा अपमान होतो आणि भांडण अजून पक्कं होतं. राज्यात २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली, बऱ्याच गावांत समिती अजून आहे, असेल तर त्या लोकांना जरूर सोबत घ्या, पण समेटाचं बोलणं आधी किंवा नंतर, घरी, चार माणसांत. कार्यक्रमाने फक्त एकत्र उभं राहायला कारण द्यायचं. आणि हो, श्रमदानाला दारू पिऊन कुणी आलं तर त्याला हाकलू नका, ओरडू नका, बाजूला सावलीत बसवा आणि घरी पोचवा.

संध्याकाळकडं येऊ. लाऊडस्पीकर लावणार असाल तर पोलीस स्टेशनची परवानगी आधी काढा, रात्री १० नंतर तसाही बंद. खरं तर दोनशे माणसांना स्पीकर लागतच नाही. फ्लेक्स छापू नका, मांजरपाटाचं कापड घ्या आणि गेरूने लिहा, धुऊन पुढच्या वर्षी परत चालतं. पैशाची पावती एकाच्या नाही, दोघांच्या सहीने फाडा, आणि दुसऱ्या दिवशी जमा-खर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, अगदी सुतळीच्या बंडलाची किंमत धरून. कुणी मोठी देणगी देतो पण बॅनरवर नाव पाहिजे म्हणाला तर हात जोडा. दहा-दहा रुपये प्रत्येक घरातून आले की कार्यक्रम प्रत्येक घराचा होतो.

प्रार्थना सगळ्यांची ठेवा. सेवाग्रामला सर्वधर्म प्रार्थना उघड्यावर, झाडाखाली होते, मूर्ती नाही काही नाही, आणि आधी शांतता. गावात कोण कोण आहे ते बघा आणि ज्यांची त्यांनाच म्हणू द्या, बुद्धवंदना विहारातल्या ताईंनी, कुराणातलं मौलवींनी किंवा एखाद्या मुलाने, आणि मग खंजिरीवर भजन. तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना गावोगाव रुजवली ती आपल्याकडं अजून चालू आहे, त्यामुळे बसायचं कसं हे शिकवावं लागत नाही.

मग कताई. चरखे सगळ्यांना पुरत नाहीत आणि चार चरखे स्टेजवर ठेवून पाहुण्यांनी फोटो काढण्यापुरते फिरवणं तर अजिबात नको. टकळी घ्या. एका लोखंडी काडीला खाली पितळेची चकती, बस, खिशात मावते. टकळ्या आणि पेळू खादीच्या संस्थांकडं मिळतात, सेवाग्राम-वर्ध्यात तर मिळतातच, महिनाभर आधी सांगून ठेवा. पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची सैल वळी. ती डाव्या हातात अंगठा आणि दोन बोटांत धरायची, एकदम हलकी, चिमणीचं पिल्लू धरावं तशी. उजव्या हाताने टकळीला पीळ द्यायचा आणि डावा हात हळूहळू वर न्यायचा, तंतू आपोआप सुटत येतात. नवीन माणूस घट्ट धरतो आणि सूत तुटतं. तुटलं की तुटलेल्या टोकावर पेळूचं टोक ठेवायचं, पीळ द्यायचा, जोडलं जातं. पहिल्या अर्ध्या तासात जाड-बारीक, गाठीगाठीचं सूत निघतं आणि पोरं वैतागतात, तेव्हा सांगा की सगळ्यांचं असंच निघतं. दहा-दहा जणांचा गोल करा आणि प्रत्येक गोलात कातता येणारा एक माणूस बसवा. आम्ही एक तास ठेवतो. कापूस पिकवणारा आपला भाग, बोंडं वेचून ज्यांचे हात खरबडीत झालेत त्या बायांनी पहिल्यांदा स्वतःच्या कापसाचा धागा काढलेला बघितला की कळतं हे काय आहे. एक आजी तो वीतभर धागा हातावर गुंडाळून घरी घेऊन गेली.

कताई चालू असताना भिंतीवर एक मोठा कागद लावा आणि एक हिशोब मांडा, महिन्याला गावाबाहेर किती पैसा जातो. आकडे लोकांनाच सांगू द्या. समजा गावात ३०० घरं आणि प्रत्येक घर साबण-निरम्यावर महिन्याला २०० रुपये घालतं, तर ६०,००० रुपये महिन्याला, वर्षाला ७ लाख २० हजार. मग तेल, झाडू, पापड-लोणची, कुरकुरे, गुटखा. गुटख्याचा आकडा मांडला की मांडवात शांतता पसरते. मग दुसरा कागद, यातलं गावात काय बनू शकतं आणि कोण बनवू शकतो. हे माझ्या डोक्यातलं नाही, गांधीजींसोबत काम करणारे अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा असंच करायचे. १९३४ ला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला त्याचं केंद्र वर्ध्यातच, मगनवाडीत, आणि कुमारप्पा तिथून काम बघायचे. त्याआधी त्यांनी गुजरातेत मातर तालुक्याची पाहणी केली होती, घरोघर जाऊन, कोण काय पिकवतं, काय विकतं, काय विकत घेतं. गाव गरीब का आहे ते भाषणातून कळत नाही, अशा हिशोबातून कळतं. वर्ध्याला याल तेव्हा मगन संग्रहालय बघाच, १९३८ पासून आहे, घाणी, चरखे, हातकागद सगळं एका ठिकाणी.

स्टॉल लावायचे तर नियम एकच, गावात किंवा पंचक्रोशीत बनलेलं. शिंदीचे फडे, बुरडाच्या टोपल्या, कुंभाराचे माठ, घाणीचं जवसाचं तेल, बचत गटाच्या सरगुंड्या-पापड. विकणाऱ्याला जागेचे पैसे लावू नका. आणि घासाघीस करू नका हे सगळ्यांना मोठ्याने सांगा, मॉलमध्ये आपण करत नाही.

त्या दिवशी ग्रामसभा असेल तर ती वेगळी ठेवा, कार्यक्रमात घुसडू नका. नोटीस सात दिवस आधी, कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातलं जे कमी ते, आणि महिलांची सभा त्याआधी. २०१८ पासून गाव विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासूनच सुरू होत आलीये, तेव्हा भिंतीवरच्या त्या दोन कागदांतून निघालेली एक-दोन कामं लेखी अर्ज करून आराखड्यात घालायला सांगा. तोंडी सांगितलेलं प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, येत नाही.

जेवण साधं. प्रत्येक घरातून चार भाकरी, बेसन आणि अंबाडीची भाजी मात्र एकाच चुलीवर, पळसाच्या पत्रावळी, पाण्याला माठ आणि तांबे. पंगत एकच, गोल किंवा सरळ पण एकच. वाढायला सगळ्या वस्त्यांतली पोरं-पोरी मिसळून घ्या. कोण जेवायला थांबतं आणि कोण काम आहे म्हणून निघून जातं हे लक्षात ठेवा, कुणाला बोलून दाखवू नका, पण पुढच्या वर्षी पहिली मीटिंग कुठं लावायची ते त्यावरून ठरवा.

भाषण? हो, असू द्या, जेवणाआधी दहा मिनिटं, आणि ते सकाळी नाल्यावर ज्याने काम केलं त्यानेच करावं. आमच्याकडं मागच्या खेपेला आठवीतल्या एका मुलीने केलं, तिने फक्त बंधारा कसा बांधला तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, ३ तारखेला सकाळी, दोघा-तिघांनी नाल्यावर जाऊन यायचंच, कुठं झिरपतंय ते बघून माती लिंपायची, पहिले आठ दिवस हे लागतं. ज्यांना कताईची गोडी लागली त्यांना टकळ्या घरी न्यायला द्या, आठवड्यातून एकदा शाळेत बसा. ३० जानेवारीला सकाळी ११ ला दोन मिनिटं मौन असतं, आम्ही ते बंधाऱ्यावर उभं राहून पाळतो. आणि १२ फेब्रुवारीपर्यंत जमेल तेवढ्यांनी एक-एक गुंडी सूत पूर्ण करायचं, म्हणजे ६४० तार. १९४८ ला या दिवशी गांधीजींच्या अस्थींचं विसर्जन झालं, पवनारच्या धाम नदीतही झालं, आणि विनोबांनी या दिवसाला सूतांजलीची रीत घालून दिली, हार-फुलांऐवजी आपल्या हातचं सूत. पहिल्या वर्षी आमच्या गावातून तीन गुंड्या गेल्या, पुढच्या वर्षी अकरा.

मे महिन्यात पाणी पूर्ण आटलं की पोती काढून घ्या, हे विसरू नका, नाहीतर पहिल्या पुरात वाहून जाऊन खालच्या गावाच्या शेतात प्लास्टिक पसरतं. चिखलाखाली दबलेली बरीचशी चांगली निघतात, उन्हाने विरलेली वेगळी करा. आमची गेल्या मेमध्ये मोजली, ११२ चांगली निघाली, धुऊन शाळेच्या पाठीमागच्या खोलीत घडी करून ठेवलीत, आणि उरलेल्या साठेकसाठी पोरांना आत्ताच सांगून ठेवलंय.